आज तोंडाने १८ मिली

रात्रीचे साडेअकरा. दूध काढायच्या पंपाचे भाग धुऊन उकळून ठेवले. डोळे मिटताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय, नाहीतर उद्या नुसता आकडा लक्षात राहील.

बाळ गरोदरपणाच्या ३० व्या आठवड्यात आलं. तेच आठवडे पुढे मोजले तर आज त्याचे ३५ पूर्ण झाले. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एका लयीत जुळायला साधारण ३२ ते ३४ आठवडे लागतात, कुणाकुणाला त्याहून जास्त. पोटात असताना तो गर्भजल गिळतच होता, मग आता काय अडतंय, हे मला कळायचंच नाही. तिथे गिळताना श्वास सांभाळावा लागत नव्हता, एवढी साधी गोष्ट.

चार दिवसांपूर्वीचं अजून मनातून जात नाही. बाटलीत जेमतेम ५ मिली उरलं होतं. तो चोखायचा थांबला होता, पेंगत होता. मी निपल तोंडात फिरवत राहिले, "संपव रे राजा, एवढंच". त्याने हाताची बोटं ताणून फाकवली, भुवया वर गेल्या, ओठांच्या कडेने दूध ओघळलं. मी पुसलं आणि पुन्हा निपल दिलं. मग तोंडाभोवती निळसर झालं आणि मॉनिटर वाजला. सिस्टरनी त्याला उचलून पाठ चोळली, तेव्हा रंग परत आला. तो तीन वेळा मला "नको" म्हणाला होता. मी बाटलीकडे बघत होते. त्यानंतर निपल ओठांजवळ नेलं की तो मान फिरवायचा.

आज थेरपिस्ट मॅडमनी बाटली आधी बाजूलाच ठेवली. पोटात जाणाऱ्या नळीतून दूध जात असताना माझी धुतलेली करंगळी त्याला चोखायला दिली. "चोखलं की पोट भरतं, हे त्याचं त्याला जुळवू दे." नुसतं चोखणं सेकंदाला साधारण दोनदा होतं, दूध येऊ लागलं की एकदा. दुपारच्या फीडला मी ते मोजलंसुद्धा. त्याला कुशीवर घेतलं होतं, डोकं थोडं उंच, कमी धारेचं निपल. चार-पाच वेळा चोखून झालं की बाटली तोंडातच ठेवून खाली झुकवायची, म्हणजे निपल रिकामं होतं आणि त्याला श्वासाला सवड मिळते. चोख, चोख, गिळल्याचा बारीक 'क्' आवाज, मग थांबून एक उसासा. तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. इतके दिवस मॉनिटरच ऐकत होते!

१८ मिलीवर त्याची बोटं फाकली. मी लगेच थांबले. हाताला सवय नव्हती, पण थांबले. उरलेलं २२ नळीतून गेलं. रंग शेवटपर्यंत गुलाबी होता.

चार्टवर तोंडाने किती आणि नळीने किती, एवढेच दोन रकाने आहेत. तो कसा प्यायला, याला तिथे जागा नाही. मला फार खटकतं ते. म्हणून आजपासून माझ्या वहीत तिसरा रकाना आखलाय. आजची नोंद : शांत, दोनदा स्वतःहून थांबला, मान फिरवली नाही.

उद्या सकाळी आधी दूध काढून मग त्याला छातीशी धरायचंय. धार जोरात येणार नाही, नुसता वास आणि ऊब. पाचचा गजर लावलाय.