मण्यांची रांग

नाशिकच्या मखमलाबादकडे आमची बालवाडी, त्यामुळे फेब्रुवारीत सगळीकडे द्राक्षंच. परवा एका मुलीच्या घरून घड आले, फवारणीचं काय सांगावं म्हणून मी ते मिठाच्या पाण्यात धुऊन ताटात ठेवले, खाऊ म्हणून. त्या दिवशीचा प्लॅन रंगांचा होता, तो राहिलाच.

वर्गात एक चार वर्षांचा मुलगा आहे, फार बोलत नाही, पेन्सिल दिली की हात मागे घेतो. त्याने चिमटीत धरून देठापासून एकेक मणी तोडला आणि सतरंजीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावायला घेतली. नवा मणी आधी एकाशेजारी धरून बघायचा, मग दुसऱ्याशेजारी, जागा सापडली की बाकीचे सरकवायचा. मधेच एक लांबट मणी आला तर शेजारची मुलगी म्हणे हा सगळ्यात मोठा, हा म्हणे नाही, हा नुसता उंच आहे, जाड नाही! चांगलंच वाजलं दोघांचं. मी मधे पडले नाही, शेवटी त्यांनीच लांबट मण्यांची वेगळी रांग केली.

याला मी शिक्षण म्हणते. तुलना, क्रम, स्वतःचं म्हणणं पटवणं, सगळं त्यात आलं, आणि ती चिमूटच उद्या पेन्सिल धरणारे. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पूर्ण तयार नसतात, मग रेघोट्यांची सक्ती कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांनी मुलांच्या आसपासच्याच वस्तू वापरल्या, खडे, पानं, बिया.

तेवढ्यात त्याचे वडील न्यायला आले. "ताई, आज वहीत काय घेतलं?" मी म्हटलं, दादा, आधी हे बघा. ते द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथे. उकिडवे बसले, रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथून पुढे अठरा एमएम, एक्सपोर्टचा माल." पोरगा लगेच, "आणि हे?" मग दोघं बराच वेळ मणीच लावत बसले.

उठताना मात्र म्हणाले, "मला कळलं हो ताई, पण घरी माझी आई रोज वही उघडून बघते, तिला काय सांगू?" मी म्हटलं, आजींना सकाळी घेऊनच या, मुलं कामात असतात तेव्हा.