डिपवरची तर्री

नागपुरात पाहुण्यांना चिकन खायला बोलवायचं म्हणजे रस्सा आला. रस्सा आला की ताटं आली, खुर्च्या आल्या, भाकरी आल्या, कांदा-लिंबू आलं आणि बेसिनपाशी रांगही आली. वर पांढरा शर्ट घालून आलेल्या कुण्या भाऊजींच्या छातीवर हमखास एक लाल डाग. सावजी रस्सा उभ्याने खाता येत नाही. तो बसून, बाह्या सरसावून, नाक पुसत खायचा पदार्थ आहे. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मॅच बघायला दिवाणखान्यात माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, मुलं मधूनमधून पळत असतात आणि जेवणाला अजून दोन तास असतात, तेव्हा हातात धरून खाता येईल असं तिखट काहीतरी लागतं. शेंगदाणे आणि चिवडा किती वेळ पुरणार?

त्या दोन तासांसाठी आमच्या घरात चिकनचं चीजवालं डिप, म्हणजे चिप्स बुडवून खायचा घट्टसर पदार्थ, आलं आणि राहिलं.

मूळ गाव त्याचं लांबचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, नायगारा धबधब्यापासून जवळच बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख तळून लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवले, सोबत सेलरीच्या काड्या आणि ब्लू चीजचं ड्रेसिंग दिलं, असं सांगतात. तोवर पंख म्हणजे सूप उकळायच्या कामाचा माल. पुढे कुणीतरी त्यातली हाडं वगळली, चिकन पिंजून क्रीम चीज, चेडर आणि तोच लोणी-सॉस यांत मिसळलं आणि ओव्हनमध्ये ठेवून दिलं. फेब्रुवारीत त्यांच्या फुटबॉलची सुपर बोल म्हणजे फायनल असते, त्या रात्री हे डिप घरोघरी टीव्हीपुढे असतं. मॅच आणि तिखट ही जोडी तिकडेही आहे, म्हटल्यावर मला ते लोक एकदम ओळखीचे वाटायला लागले.

तिखटाच्या बाबतीत मात्र त्यांचं आपलं जमत नाही. त्यांचा सॉस केयेन मिरची आणि व्हिनेगरचा, त्यात आंबटपणा पुढे आणि तिखट मागे. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना झोंबायचं कधी थांबतं ते बघायचं. ते चाखणारे नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातले असते तर अख्खी मोजपट्टीच वेगळी निघाली असती, असं मला उगाच वाटतं.

आपल्याकडे उमरेडच्या पुढे भिवापूर आहे. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा लाल रंग बघूनच जीभ सावध होते. बाजारातल्या बाटलीतला लाल सॉस या डिपला चालत नाही, तो गोड आणि चिकट असतो. सुक्या भिवापुरी मिरच्या गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण, मीठ, व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालून वाटायच्या आणि गाळून घ्यायच्या. एवढं केलं की सॉस झाला. व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल, पण ते गॅस बंद केल्यावरच पिळायचं, नाहीतर वास उडून नुसता आंबटपणा उरतो. सावजी मसाला घालायचा मोह होईल. आवरावा. लवंग, मिरे, दगडफूल यांना तेलात मोकळं फिरायला आवडतं. चीजखाली दाबून ठेवलं की त्यांचा काढ्यासारखा वास येतो.

चिकन घ्यायला गेले की दुकानातले भाऊ दरवेळी समजावतात. "ताई, हड्डीबिना कायले नेता? चव तं हड्डीतच राह्यते." खरं आहे. म्हणून मी हाडासकट मांड्या आणते, हळद-मीठ-लसूण घालून शिजवते आणि मग हाडं काढून मांस बोटांनी पिंजते. छातीचं मांस पिंजायला सोपं, पण डिपमध्ये ते कोरडं लागतं. गावरानी कोंबडीच्या तर वाटेला जाऊ नये, ती रश्श्यासाठीच जन्माला आलेली असते. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात मिरपूड टाकून ते स्वयंपाक करणाऱ्याने एकट्याने प्यायचं, पाहुणे यायच्या आधी.

क्रीम चीजच्या जागी चक्का घालते. म्हशीच्या दुधाचं दही फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं. उन्हाळ्यात मात्र फ्रीजमध्ये, कारण मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात रात्रभर टांगलेलं दही सकाळी तुमच्याशी भांडायला उभं असतं. साधारण ५०० ग्रॅम पिंजलेल्या चिकनला २५० ग्रॅम चक्का आणि १५० ग्रॅम चीज पुरतं. चक्का गॅसवर फुटतो, त्याला उपाय कढीचाच. चमचाभर बेसन कोरडं भाजून आधीच फेटून घ्यायचं. ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर लोण्यात सॉस परतायचा, त्यात चिकन, मग चक्का, मग किसलेलं चीज, आणि झाकण. वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर.

आता तर्रीचं, म्हणजे वर तरंगणाऱ्या लाल तिखट तेलाचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

अमेरिकन कृतींमध्ये एक सूचना असते की आच जास्त झाली तर डिपवर तेल सुटेल, ते कागदाने टिपून घ्या किंवा वाटी तिरपी करून ओतून द्या. त्यांच्या लेखी तो बिघाड. चीजमधल्या प्रथिनांनी चरबीचे बारीक थेंब धरून ठेवलेले असतात. जास्त तापलं की प्रथिनं आकसतात आणि तो धरलेला सगळा माल सोडून देतात. मिरचीतलं तिखट, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत विरघळतं. रंगही चरबीतच उतरतो. म्हणजे सुटलेल्या त्या तेलात डिपमधला सगळा लालपणा आणि बरंचसं तिखट येऊन बसतं. आणि हे लोक ते टिपून फेकतात!

आमच्याकडे पहिल्यांदा चेडरचं डिप असं सुटलं तेव्हा शेजारच्या काकूंनी कढईत डोकावून बघितलं. त्यांना तोवर हा पदार्थ जरा संशयास्पद वाटत होता, चिकनमध्ये दही-चीज म्हणजे त्यांच्या मते आजाऱ्याचं जेवण. वरचा लाल थर बघून त्यांचा चेहरा बदलला. "अवं बाप्पा, तर्री आली की मस्त!" त्यानंतर त्यांनी डिपला डिप म्हटलं नाही, भाजीच म्हटलं.

अडचण अशी की आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज सुटत नाही. त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात, म्हणून ते कितीही तापवा, गुळगुळीतच राहतं. सँडविचसाठी गुण, नागपूरसाठी अवगुण. तेव्हा तर्री वेगळी करून वरून ओतायची. दोन मोठे चमचे लोणी आणि एक चमचा तेल गरम करायचं, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मग भिवापुरी तिखट घालायचं. न थांबता घातलं तर तिखट करपतं आणि घरातले सगळे खोकत बाल्कनीत जातात. ही लाल धार डिपवर पसरली की खाली चक्का-चीजचा सौम्यपणा आणि वर जाळ. ज्याला झेपतं तो वरून घेतो, ज्याला नाही तो कडेने खणतो. मुलं खणतात. चीजमधलं केसीन नावाचं प्रथिन तिखटाला पकडून जिभेवरून उतरवतं, त्यामुळे पहिल्या घासाला हाशहुश करणारी माणसं दुसऱ्या घासाला पुन्हा हात घालतात.

पाहुणे साडेसातचे नऊ वाजता येतात, त्यालाही हे डिप तयार असतं. कढईखाली लोखंडी तवा, अगदी बारीक गॅस, घट्ट झालं तर दुधाचा शिपका. रस्सा असा वाट बघत बसत नाही, आटून खारट होतो.

खरा प्रश्न उष्ट्याचा. एका भांड्यात सगळ्यांनी चिप्स बुडवायचे, अर्धा तोडायचा आणि उरलेला पुन्हा बुडवायचा, हे आमच्या सासूबाईंसमोर करून दाखवायची कुणाची हिंमत नाही. त्या सरळ म्हणतात, "माझं मला आधी वाटीत दे." मग भाकर कुसकरून त्यात कालवून खातात. तरुण मंडळी कढईभोवती उभी राहतात आणि एकमेकांच्या हातांवर पोलिसासारखी नजर ठेवतात. मी आता चिप्स लहान ठेवते, एका घासात संपतील असे. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून घेतले तर बाजारच्या चिप्सपेक्षा चांगले, डिपचं वजन उचलतात. तळलेली कुरडई दिसते छान, पण बुडवताक्षणी मोडते आणि मग ती शोधायला कुणाचं तरी बोट आत जातं. सेलरीच्या जागी मुळा आणि काकडी.

वारही बघावा लागतो. आमच्या गोतावळ्यात सोमवार, गुरुवार, शनिवार गेले, त्यात कुणाची चतुर्थी. उरतो रविवार. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळची रणजी फायनल संपली तो नेमका रविवारच होता. सामना अनिर्णित, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी, म्हणून करंडक तिसऱ्यांदा आपला. अशा विजयात शेवटचा चेंडू, स्टंप उडाला, असं काही नसतं. सगळे टीव्हीकडे अर्धं लक्ष देऊन कढईपाशीच उभे होते, त्यामुळे नेमक्या कोणत्या क्षणी आपण जिंकलो यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. न खाणाऱ्यांसाठी मका आणि पनीरचं डिप वेगळ्या कढईत, वेगळ्या चमच्याने केलं होतं. तेही संपलं, आणि त्यातलं बरंचसं खाणाऱ्यांनीच संपवलं.

उरलेलं डिप दुसऱ्या दिवशी ब्रेडमध्ये भरून टोस्टरमध्ये भाजावं किंवा पराठ्यात घालावं. पोह्यांवर घालू नये. धाकट्या दिराने घातलं. "वहिनी, तर्रीच तं आहे ना!" म्हणत गरम पोह्यांवर दोन पळ्या ओतल्या. चीज वितळलं, पोह्यांना धरून बसलं आणि बशीत एकच एक गोळा तयार झाला, चमचा उभा राहील असा. पोह्यांवरची तर्री हरभऱ्याचीच. त्याने तो गोळा सुरीने कापला, वरून शेव घातली आणि संपवला.