आमची वाटचाल : घड्याळ दुरुस्तीपासून कपाटाच्या यादीपर्यंत

आमची फर्म छोटीच आहे, मी, माझी धाकटी बहीण आणि फोटो काढणारा एक मुलगा, बस. आणि काम काय करता असं कोणी विचारलं की अजूनही जरा पंचाईत होते. इन्शुरन्स आम्ही विकत नाही. लोकांनी हौसेने घरात जे जमवलेलं असतं, नाणी म्हणा, स्टॅम्प, पेंटिंग, जुनी घड्याळं, फाउंटन पेनं, त्याची पॉलिसी काढायला जी यादी आणि व्हॅल्युएशन लागतं ते करून देतो.

सुरुवात मात्र रिपेअरिंगची. जुनी घड्याळं उघडायची, साफ करायची, पार्ट शोधायचे. त्यात पाणी शिरलेली, आपटलेली घड्याळं यायची आणि आणणाऱ्याला दुरुस्तीपेक्षा एका कागदाची घाई असायची, क्लेम अडकलाय हो, हे ओरिजिनल होतं आणि चालू होतं एवढं फक्त लिहून द्या. आता जे घड्याळ मी आजच पहिल्यांदा बघतोय ते महिन्यापूर्वी चालू होतं हे मी कोणत्या तोंडाने लिहू? नाही म्हणायचो, माणूस हिरमुसून जायचा. असे चेहरे इतके बघितले की बहीणच म्हणाली, दादा हाच कागद वस्तू धड असताना का नाही करून द्यायचा. धंदा तिथून बदलला.

पहिली अडचण म्हणजे लोकांना हे लागतं हेच पटेना. घराची पॉलिसी आहे ना, झालं की! पण त्या पॉलिसीत मौल्यवान वस्तूंना बहुतेक वेळा वेगळी मर्यादा असते, शिवाय एका वस्तूला जास्तीत जास्त किती मिळणार याचीही मर्यादा असते, त्याच्या वरची वस्तू नाव आणि किंमत घालून वेगळी लिहून द्यावी लागते. हे कलम शेवटच्या पानांत असतं आणि तिथपर्यंत कोण वाचतंय.

दुसरं, कमी रकमेचा विमा. प्रीमियम वाचवायला लोक शंभरच्या संग्रहाला साठच लावतात आणि वाटतं की तीसचं नुकसान झालं तर तीस मिळतील, साठच्या आतच आहे ना. तर तसं नाही. ज्या पॉलिसीत ॲव्हरेजचं कलम असतं तिथे साठ टक्केच विमा होता म्हणून नुकसानाचेही साठ टक्केच, म्हणजे अठरा. हे गणित मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवतो, तोंडी सांगून कोणाला खरं वाटत नाही 😄

किंमत काढणं हे खरं काम, आणि तीसुद्धा एक नसते. आज विकलं तर काय येईल ते वेगळं, तशीच वस्तू पुन्हा घ्यायला काय लागेल ते वेगळं. आणि जी वस्तू पुन्हा मिळणारच नाही तिच्यासाठी ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे रक्कम आधीच दोघांनी ठरवून पॉलिसीत लिहायची, वस्तू पूर्ण गेली तर नंतर घासाघीस नाही. हौशी संग्रहाला माझ्या मते हीच बरी, प्रीमियम थोडा चढा पडला तरी.

एक काका व्हॅल्युएशनच्या आदल्या रात्री जागून सगळी जुनी चांदीची नाणी पॉलिश करून बसले होते, लखलखीत, मोठ्या कौतुकाने ट्रे पुढे केला. घासलेल्या नाण्यावरची मूळ झाक एकदा गेली की परत येत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतो. त्यांना ते सांगताना माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून भेट ठरवतानाच फोनवर पहिलं वाक्य, काहीही पुसू नका, धुऊ नका, आहे तसं राहू द्या.

यादीसाठी आम्ही ऑब्जेक्ट आयडीचा साचा वापरतो. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला हा नमुना 1997 मध्ये आला, म्युझियमपासून इंटरपोलपर्यंत तो वापरात आहे. वस्तू काय, कशाची, मापं, खुणा, काळ, कोणी बनवली वगैरे. त्यातला सगळ्यात कामाचा रकाना वेगळेपणाचा. खिशातल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत मशीनचा नंबर एक आणि केसचा बहुधा दुसराच, दोन्ही लिहायचे, डायलवर सातच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर असेल तर तिचा तिरक्या उजेडात फोटो. मालकाला ती चीर नको असते फोटोत! पण चोरीचा माल सापडला तर तुमचं घड्याळ त्या चिरेवरूनच ओळखणार.

जोडीच्या वस्तूंवरून सगळ्यात जास्त वाद होतात. दोन फुलदाण्यांतली एक फुटली तर उरलेलीची किंमतही बहुतेक वेळा जोडीच्या निम्म्याहून खाली येते, पण भरपाई पूर्ण जोडीची, का फुटलेल्या एकीचीच, हे पॉलिसीतल्या शब्दांवर ठरतं, म्हणून आम्ही यादीत सेट हा सेट म्हणूनच लिहितो आणि विमा घेण्याआधी हे विचारून घ्या म्हणून खाली लाल अक्षरात टाकतो. कसर, वाळवी, गंज, दमट हवेने चिकटलेले स्टॅम्प, उन्हाने उडालेला रंग, म्हणजे हळूहळू होणारं नुकसान जवळपास कुठेच धरत नाहीत. घर फार दिवस बंद ठेवलं तरी कव्हर कमी होऊ शकतं, तेही बघा.

फी आम्ही वेळ आणि वस्तूंच्या संख्येवर घेतो, किमतीच्या टक्क्यावर नाही. टक्क्यावर घेतली तर किंमत फुगवण्यात माझाच फायदा, मग त्या कागदावर कोण विश्वास ठेवणार. एजंट लोकांनी कमिशन देऊ केलं होतं, तेही नको म्हटलं, त्यामुळे वाढ सावकाश झाली हे खरं.

यादी हातात पडली की चोराला आयतीच सोय, म्हणून फाईलवर नाव-पत्ता नसतो, नुसता कोड असतो, आणि मालकाला सांगतो की एक प्रत घराबाहेर ठेवा, आग लागली तर संग्रहासोबत यादीही जळायला नको. सध्या जुन्या ग्राहकांना दोन-तीन वर्षांनी किंमत पुन्हा तपासा म्हणून मेसेज पाठवतो, निम्मे लोक नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून गप्प बसतात, बाकीच्यांच्या कपाटात तोवर नवीन चार वस्तू आलेल्या असतात आणि त्या विमा कंपनीला कळवायच्या राहिलेल्या असतात, त्यामुळे आमचं निम्मं काम आता नवीन ग्राहकांपेक्षा या जुन्या यादींमध्ये भर घालण्याचंच असतं.