दोर, पोपटी आणि फोनची टोपली

चौलच्या दत्ताची यात्रा आटोपली, वालाच्या शेंगा भरल्या, की मंडळात कुणीतरी विचारतंच, "यंदा पोपटी कधी?" पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून विस्तवावर भाजायचा बेत. कुठं, ते विचारायची गरज नसते. रेवदंड्याला, मास्तरांच्या वाडीत. आमच्या गिरिभ्रमण मंडळाचं वार्षिक संमेलन ते हेच. अहवाल आणि जमाखर्च पाच मिनिटांत उरकतो, कारण बाहेर मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला येऊन पडलेला असतो आणि तो वास आला की कुणाचं लक्ष खजिनदाराकडे राहत नाही.

खरी सभा दुपारीच होऊन जाते, ओटीवर, दोर चाचपताना. ही पद्धत मास्तरांची. गोणपाटावर दोराचं वेटोळं ठेवायचं, एक टोक त्यांनी धरायचं आणि पन्नास मीटरचा दोर पंधरा-वीस जणांच्या बोटांतून हळूहळू सरकवत न्यायचा. नुसत्या नजरेला कळत नाही. वरचं कवच धड दिसतं आणि आतला गाभा मोडलेला असतो. बोटांना मात्र ती जागा लागते, जास्त पिकलेल्या चिकूसारखी मऊ. मग तिथं दोर दुमडून बघायचा. गोलाई न राहता चपटी घडी पडली, की विषय संपला. वहीत प्रत्येक दोराची जन्मपत्रिका असते : कधी घेतला, कुठं लावला, झटका बसला का. दहा वर्षं झाली की न वापरलेला दोरसुद्धा बाद. बाद दोर कोर्लईच्या एका तांडेलाला जातो, होडी बांधायला. तो दरवर्षी न चुकता येतो; दोरासाठी की पोपटीसाठी, ते त्यालाच ठाऊक. विस्तव मात्र दोर आत गेल्याशिवाय पेटत नाही. एक ठिणगी नायलॉनला पुरते.

दोर हातातून जाताना गोष्टी निघायच्या. "ही खरवड कुठली रे?" "लिंगाण्याची." आणि सुरू.

१९९४ ची गोष्ट तर मी निदान वीसदा ऐकली असेन. आमच्यातल्या एकाचा सरसगडावर पाय मोडला. दोन बांबू आणि घोंगडी, तीच झोळी. पालीपर्यंत खांद्यावरून आणला आणि घरी सांगितलं, एस.टी.तून उतरताना पडला. पुढच्या पोपटीला त्याची आई आली होती. दोर फिरता फिरता कुणीतरी बोलून गेलं. माउलीनं शेंगा निवडायच्या थांबवल्या, लेकाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरीच उंच होती रे एस.टी.!" तेव्हा अपघात ही लाजेची बाब होती. आपला माणूस आपण उतरवायचा आणि गप्प बसायचं. बाहेरच्या मंडळाकडे मदत मागणं म्हणजे नाक कापून घेणं. या गुप्ततेचं आज कौतुक करणारे भेटतात. मला ते पटत नाही. लपवलेल्या अपघातातून दुसरा मंडळवाला काहीच शिकला नाही.

मग फोन आले. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा आधी निरोप पळाले ते फोनवरूनच. तिथं गाडीरस्ता नव्हता, हवा अशी की हेलिकॉप्टर उतरेना. जे काही व्हायचं ते चालत चढून गेलेल्यांच्या हातांनी. एक स्ट्रेचर चिखलातून खाली आणायला एका वेळी सहा माणसं लागतात आणि ती थकली की बदली दुसरी सहा. इतके हात एका मंडळाकडे असतात कुठं? पण चार तालुक्यांतल्या ग्रुपवर निरोप पडला, की जमतात.

सुधागडचं आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. पावसाळ्यात कॉलेजची दोन पोरं धुक्यात वाट चुकली, फोन लागेना. मास्तर नकाशा घेऊन बसले होते. तेवढ्यात आमच्यातल्या एका मुलीनं त्या पोरांनी सकाळी टाकलेला सेल्फी शोधून काढला. त्यांच्या डोक्यांमागे तैलबैलाच्या जोडभिंती. म्हणजे धुकं उतरण्याआधी पोरं पूर्वेच्या कड्यावर होती; सवाष्णीच्या घाटाच्या अंगानं शोधा. तिथंच सापडली, एका ओहोळात कुडकुडत. त्या दिवसापासून मास्तर सेल्फीला "पुरावा" म्हणतात. पण दोघांना वर घेत असताना त्यातला एक हार्नेसमध्ये लोंबकळत विचारतो, "दादा, व्हिडिओ घेताय ना?" दोर धरून त्याला सांभाळणाऱ्यानं काय उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करायला आलेली मुलगी दरीत पडली. दोर लावून तिला वर काढलं, पण वाचली नाही. चार दिवस जो-तो त्या दोराचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत होता. पुढच्या पोपटीला ओटीवर भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. तरुण म्हणाले, व्हिडिओ दिसला नाही तर देणगी येत नाही, नवा स्टॅटिक, कमी ताणणारा दोर काय शेंगा विकून घ्यायचा? मास्तर म्हणाले, स्ट्रेचरवरच्या माणसाला विचारलंत का? आणि आजकाल पाय दमले तरी फोन येतो, "रेस्क्यू पाठवा", जणू रिक्षा. शेवटी ठरलं : मोहिमेत फोन फक्त संपर्क पाहणाऱ्याच्या हातात आणि चेहरा कुणाचाच टिपायचा नाही. देणगीसाठी दोरांचे, गाठींचे, सरावाचे फोटो घाला हवे तितके. मला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटल्या होत्या, म्हणून मी मडक्यात मीठ-ओवा टाकत राहिलो.

त्याच सभेत पोपटीलाही नियम लागू झाला. दोर चाचपताना फोन शेंगांच्या रिकाम्या टोपलीत. पहिल्या वर्षी टोपली सारखी थरथरत होती. यंदा बरीच गप्प होती.

संध्याकाळी पेंढा जळून खाली बसला, मडक्यावर पाण्याचा शिपका मारला तर चर्र करून उडाला, म्हणजे पोपटी झाली. पाला उपसला, वाफ आली आणि तांडेल यंदाचा बाद दोर खांद्यावर टाकून ऐटीत उभा राहिला. "आमचा एक फोटू काढा की रे!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर स्वतः उठले, टोपलीतला हाताला लागेल तो फोन उचलला आणि उलटा धरून म्हणाले, "हं, हस."