ऱ्य पुढच्या रिलीजमध्ये

आमचा प्रकल्प छोटा आहे: मराठी शब्दकोशाचं मुक्त स्रोत ॲप, इंटरनेटशिवाय चालणारं. सगळे नोकरी सांभाळून काम करतात. २.० आवृत्ती दोन वर्षं 'आता होईलच' म्हणत रखडली होती. एक सुविधा पूर्ण व्हायची, तोवर दुसरी कुणीतरी सुरू केलेली असायची.

त्या रविवारी संध्याकाळी रोडमॅप ठरवायला कॉलवर बसलो. रिलीज अडवून धरणाऱ्या इश्यूंची, म्हणजे नोंदवलेल्या त्रुटी-कामांची, यादी उघडली, तर सर्वांत वर माझंच काम होतं.

ते काम 'ऱ्य'चं. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण हा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे एका कीबोर्डवरून 'दुसऱ्या' शोधलं की सापडतं, दुसऱ्यावरून शोधलं की 'शब्द नाही'. शब्दकोशाने असं उत्तर देणं मला फार लागत होतं. चार महिने मी त्यावर बसलो होतो. शोध जमला होता. लोकांनी आधीच साठवलेल्या शब्दयाद्या नव्या रूपात आणणारा कोड मात्र अर्धाच झाला होता. तो चुकला असता तर कुणाची वर्षभराची यादी पुसली गेली असती.

मी म्हणालो, "अजून दीड महिना द्या."

भाषांतराचं काम पाहणाऱ्या सोलापूरच्या बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "सर, महिना नको, तारीख सांगा. माझ्या शिक्षिका पेपर तपासून झाल्यावर रात्री भाषांतराला बसतात. गेल्या वेळी शेवटच्या आठवड्यात तुम्ही बटणांवरची वाक्यं बदललीत आणि अर्धं ॲप इंग्रजीतच गेलं. 'ओपन' म्हणजे 'उघडा' की 'उघडलेलं', ते स्क्रीन पाहिल्याशिवाय कसं कळणार? त्याला वेळ लागतो."

यावर कुणी काही बोललं नाही. मोठ्या प्रकल्पांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय, हे मला माहीत होतं. ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप वर्षानुवर्षं सहा महिन्यांच्या चक्राने चालतो, आणि रिलीजआधी ठरल्या दिवसापासून पडद्यावरची वाक्यं गोठवतो. उबुंटू ही लिनक्सवरची संगणक प्रणाली. ती २००४पासून एप्रिल आणि ऑक्टोबर पाळते. फक्त २००६ साली एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आली, तीही आधी जाहीर करून. डेबियन ही तशीच दुसरी प्रणाली तयार झाल्यावरच निघते, पण तपासायला त्यांच्याकडे केवढी माणसं! आम्ही मोजून पाच.

मग ठरलं. रिलीज दर सहा महिन्यांनी, तारीख आधी. तिच्या तीन आठवडे आधी स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे वाक्यं गोठवणं. त्यानंतर स्वल्पविरामही हलणार नाही. त्या दिवसापर्यंत जे मर्ज झालं नसेल, म्हणजे मुख्य कोडात मिसळलं नसेल, ते पुढच्या रिलीजला, मग ते कुणाचंही असो.

"मग ऱ्य?" नाशिकच्या मित्राने विचारलं.

मी इश्यू उघडला, माइलस्टोन, म्हणजे ते कोणत्या आवृत्तीत येणार, २.०वरून २.१ केला. जड गेलं. तेवढ्यात इश्यू कुणी नोंदवला होता तिकडे लक्ष गेलं. बाईंनीच. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला 'सुऱ्या' सापडत नव्हता, म्हणून.

"बाई, हा तर तुमचाच इश्यू."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने थांबेन मी. पण तारीख पाळा."

कॉल संपल्यावर उशिरापर्यंत जागलो. यादी बदलण्याचं काम तीन लहान पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडबदलाच्या प्रस्तावांत, तोडलं, म्हणजे २.१ला ते एकट्या माझ्यावर अडणार नाही. मग २.०च्या 'ज्ञात त्रुटी'खाली पहिली नोंद लिहिली: 'ऱ्य' असलेला शब्द सापडला नाही तर सुरुवातीची अक्षरं टाइप करून यादीतून निवडा. फ्रीझला अजून पाच आठवडे होते. ती नोंद त्याच रात्री बाईंकडे पाठवली.