बेचाळीस अंशांवरचा फ्लास्क

सोलापुरातली मे महिन्याची दुपार. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झापड आली होती. तेवढ्यात लॅबमधल्या मामांनी दारातच अडवलं. "मॅडम, सकाळचा गढूळ फ्लास्क पार पाण्यागत झालाय बघा."

कूलिंग शेकरमध्ये (ठरावीक तापमानात फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रात) फ्लास्क मजेत गरगरत होता. सकाळी जिवाणूंच्या वाढीनं ताकासारखा दिसणारा ब्रॉथ आता आरपार दिसत होता, आत नुसते चिकट धागे. मी सरळ एम.एस्सी.च्या पोरीवर घसरले. "फ्लास्कला साबण राहिला होता ना?" ती काहीच बोलली नाही.

मग माझं लक्ष आकड्याकडे गेलं. लावले होते ३०, दिसत होते ४२. थंडावा देणाऱ्या कॉम्प्रेसरनं मान टाकली होती, पण शेकरची मोटर चालूच होती.

फ्लास्कमधल्या ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएत लॅम्डा फाज हा जिवाणूंना लागण करणारा विषाणू निजलेला होता. त्याला निजवून ठेवतं सी-वन नावाचं रिप्रेसर प्रथिन. ते डीएनएवर जोडीजोडीनं बसतं, पेशी फोडायला लावणारी फाजची जनुकं दाबून धरतं आणि स्वतःचं जनुक मात्र चालू ठेवतं. एरवी त्याला उठवायला आम्ही अतिनील दिवा वापरतो (१९५० साली पॅरिसमध्ये ल्वॉफ आणि सहकाऱ्यांनी बॅसिलस मेगाटेरियम या दुसऱ्या जिवाणूतल्या फाजबाबत हेच दाखवलं होतं). डीएनएला इजा झाली की जिवाणूचं रेक-ए प्रथिन जागं होतं आणि त्याच्या संगतीत सी-वन स्वतःलाच कापून घेतं. आमच्याकडचा सी-वन ८५७ हा प्रकार तर त्याहून नाजूक. तो ३० अंशांवर शहाण्यासारखा वागतो, ४२ ला निकामी होतो. मग फाजचं क्रो प्रथिन तयार होतं, ते सी-वनचं जनुकच बंद पाडतं आणि परतीची वाट मिटते. तासाभरात एकेक पेशी फोडून शंभरेक फाज बाहेर!

म्हणजे दिवा लावायची गरजच पडली नव्हती.

तरी खात्री हवी म्हणून थोडं क्लोरोफॉर्म घालून, फिरवून, वरचं पाणी साध्या, फाज नसलेल्या ई. कोलायवर पसरलं. एक प्लेट ३० ला, एक ४० ला. दुसऱ्या दिवशी ४० च्या प्लेटवर काचेसारखे स्वच्छ प्लाक (फाजनं जिवाणू मारल्यावर थरात पडणारे गोल डाग) होते. ३० वरचे धुरकट, कारण तिथे काही जिवाणू फाजला पोटात घेऊन जगले होते. साबणानं असे प्लाक पडत नाहीत. पोरीला मी सॉरी म्हटलं.

मामा दोन्ही प्लेट उजेडात धरून बघत राहिले. "मॅडम, मग कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा का तसाच ठेवायचा?"