सर, आज अष्टमी आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला नवा नाही. रात्रशाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा पोरं विचारायची, आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माझ्याच वयाची मंडळी विचारतात: वेळ म्हणजे निसर्गात खरंच काही असतं, की माणसानं सोयीसाठी ठरवून घेतलंय? पोरं विचारायची ती तास बुडावा म्हणून. म्हातारे का विचारतात, ते मी विचारत नाही.

माझं उत्तर वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलापासून सुरू होतं. शाळा साडेसहाला भरायची. हा दोन-तीन दिवस उशिरा यायचा, मग दहा-बारा दिवस अगदी वेळेवर, मग पुन्हा उशीर. हजेरीपटावर माझ्या लाल खुणांची नक्षीच झाली होती. एकदा दारातच अडवला.

"काय रे, आज काय?"

"सर, आज अष्टमी आहे."

मला वाटलं, उपास-बिपास असेल. तर म्हणाला, "अष्टमीला भरती सहाला. बाबांची होडी तेव्हाच काठाला लागते. मासळी उतरवून आलो."

आणि भौतिकशास्त्राच्या मास्तरला त्यानं हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, पाढा तोच. मी वर्तमानपत्रातल्या भरती-ओहोटीच्या वेळांशी महिनाभर ताडून पाहिलं. थोडं मागंपुढं होतं, पण मच्छीमाराला पुरेसं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढी सरकते. पोराचा पाढा पंचेचाळीस धरतो, एवढाच फरक.

साडेसहा ही शाळेनं ठरवलेली वेळ. उद्या मुख्याध्यापकांनी सात केली असती तर सात. भरतीला मात्र मुख्याध्यापक नाही. (संस्कृतातल्या 'वेला' या शब्दाचे अर्थ वेळ, किनारा आणि भरती असे तिन्ही आहेत. हे त्या मुलाला सांगितलं तर तो नुसता हसला. त्याला त्यात नवल वाटलं नाही.)

ठरवलेली वेळ किती ठरवलेली असते, ते मुंबईइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच माहीत असेल. आपलं शहर साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे इथली सूर्याची वेळ ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे. एकेकाळी मुंबईची घड्याळं तशीच चालत आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंशांवरची, साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली आणि मुंबईला ३९ मिनिटं पुढं ढकलू लागली. मुंबईकर गप्प बसले नाहीत. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं. भोंगा घड्याळाप्रमाणे होणार, पण उजाडणार तर पूर्वीच्याच वेळी. म्हणजे झोपेतली ३९ मिनिटं मालकाच्या खिशात. शहराचा जुना 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तग धरून होता. माझ्या आईवडिलांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.', म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं मुद्दाम छापलंय. नाहीतर अर्धे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर पोचले असते.

मला त्या पत्रिकेत खरी गंमत वाटते ती ही की छापलेला आकडा ३९ मिनिटांनी बदलला, मुहूर्त जागचा हलला नाही. भटजींनी तो पंचांगावरून, म्हणजे सूर्यचंद्रावरून काढलेला. त्याआधीच्या पिढ्यांत तर पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक, चोवीस मिनिटांत बुडायचं. त्या भोकातून पाणी आत येतं, त्याला कुणाचा ठराव लागत नाही. चोवीस तास घ्यावेत की साठ घटका, हे ठरवणारे आपण.

आजही सूर्य मुंबईच्या आकाशात बरोबर मध्यावर सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी येतो. मेच्या मध्याला सावली पायाखाली गडप होते, तेव्हा गच्चीवर बारालाच जाऊन उभे राहणारे लोक मी पाहिलेत. साडेबारा उलटू द्या.

पण सूर्यही फार भरवशाचा नाही. सेकंदाची व्याख्या १९६७ साली सिझियमच्या अणूवर बेतली: त्याच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं. पृथ्वीचं फिरणं त्या अणूच्या तालात बसत नाही, म्हणून १९७२ पासून घड्याळात सत्तावीस वेळा एकेक सेकंद घुसवावा लागला. पृथ्वी शतकागणिक दिवसाला दोनेक सहस्रांश सेकंदांनी मंदावतेय आणि याचं मुख्य कारण समुद्राच्या भरती-ओहोटीचं घर्षण. ज्या भरतीनं माझ्या विद्यार्थ्याला उशीर होई, तीच पृथ्वीलाही उशीर करते. लाल खूण कुणाला देणार?

इथवर ऐकून कट्ट्यावरचे म्हणतात, म्हणजे निसर्गातली वेळ एकच, आकडे तेवढे आपले. तिथं मी त्यांना तळहात उघडायला लावतो. त्या तळहातातून दर मिनिटाला म्युऑन नावाचे शंभरेक सूक्ष्म कण आरपार जातात. हे कण बहुतेक पंधराएक किलोमीटर उंचीवर जन्मतात आणि सरासरी आयुष्य सेकंदाचे २.२ दशलक्षांश. एवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. मग ते दादरपर्यंत पोचतात कसे? वेगामुळे, आपल्या मोजणीत त्यांचं घड्याळ हळू चालतं म्हणून. असल्या कणांच्या आयुष्यावरून आइनस्टाइनचं हे म्हणणं तपासता येईल, असं १९३८ साली लिहिणारा माणूस मुंबईचाच होता: होमी भाभा. तेव्हा निसर्गात वेळ आहे, पण सगळ्यांसाठी एकच 'आत्ता' नाही. ते सामायिक 'आत्ता' मला माणसानं ठरवलेली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, ३९ मिनिटांहून मोठी.

यावर कुणी म्हणतं, मग सगळाच भास. ते मला मान्य नाही. मासळीला बर्फ लावला तर नासायला उशीर होतो, पण नासलेली मासळी ताजी होत नाही. सुट्या कणांचे नियम जवळजवळ सगळे उलटसुलट दोन्हीकडे चालतात, पण ढिगानं कण आले की विस्कटण्याच्या वाटा अगणित आणि आवरून राहण्याच्या मोजक्याच. काळ एकाच दिशेनं जातोसा वाटतो तो यामुळे, असं भौतिकशास्त्र सांगतं. कोळणीला ते टोपलीवरून कळतं.

तो मुलगा आता पन्नाशीला आलाय, स्वतःची होडी आहे. परवा फोन आला. "सर, येत्या आठवड्यात जेवायला या. ताजी पापलेटं देतो."

म्हटलं, "कुठल्या वारी? कितीला येऊ?"

"थांबा," म्हणाला, "कालनिर्णय बघून सांगतो."